रिकव्हरी नावाची अडगळ

२६ जानेवारी
चांद्र वर्षअखेरची सफाई. लानमेईने स्वयंपाकघर घेतलं, मला खिडक्या दिल्या. नवरा-बायकोत कामाची वाटणी अशीच हवी. पण गुडघा दुखत होता, म्हणून बसून करण्यासारखं काम काढलं. कॉम्प्युटर साफ केला.

आत एक बंद कप्पा सापडला. नाव 'रिकव्हरी'. केवढी तरी जागा अडवून बसलेला. उघडायला गेलो तर उघडेना. जी वस्तू सात वर्षांत कुणी उघडली नाही, तिला अडगळ म्हणतात. एक फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन कप्पाच उडवला. कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यांच्या सायन्स पार्कमध्ये सव्वीस वर्षं काढली आहेत. कँटीनच्या भाजीपाल्याच्या खात्यात असलो म्हणून काय झालं, हवा तीच होती.

लानमेईने खिडक्यांचं विचारलं. म्हटलं, त्याहून मोठं काम उरकलंय. तिने खिडक्या स्वतः पुसल्या. हल्ली ती फारसं बोलत नाही. घरात शांतता आहे.

२८ जानेवारी
वर्षाचं शेवटचं जेवण. दोघंच. पुढच्या वर्षाला शिल्लक हवी म्हणून मासा अर्धा ठेवायचा असतो, ठेवला. टीव्ही चालू होता.

३० जानेवारी
नव्या वर्षाचा दुसरा दिवस, लेकींनी माहेरी जायचा. लानमेई म्याओलीला भावाकडे गेली. जावयाने बरोबर जायचं असतं, पण गुडघा. शिवाय मेहुणा फार प्रश्न विचारतो. तिने आग्रह केला नाही, समजूतदार आहे. दोन मोठ्या बॅगा नेल्या. भेटवस्तू जड असतात.

कधी येणार विचारलं तर म्हणाली, बघू. म्हणजे सोळा तारखेच्या आत. आम्हां हाक्का लोकांचं कंदिलांचा सण झाला की लगेच पितरांची थडगी साफ करणं. नैवेद्याचे तांदळाचे लाल मोदक तिच्याशिवाय कोण करणार?

१ फेब्रुवारी
कॉम्प्युटरने स्वतःहून अपडेट घेतलं आणि मध्येच बसला. काळा पडदा, पांढरी अक्षरं.

यात लानमेईच्या आईची गाणी आहेत. म्हातारी चहाच्या मळ्यातली जुनी गाणी म्हणायची. लानमेईने ती फोनवर भरून घेतली, कॉम्प्युटरवर घातली, शब्द टाइप केले. म्हातारी गेली त्याला आता दोन वर्षं झाली. त्या गाण्यांसारखं दुसरं काही तिच्यापाशी नाही. माझ्या दृष्टीने ही जमेची बाजू. गाणी इथे आहेत, म्हणजे ती येणारच.

संकल्प : ती यायच्या आत कॉम्प्युटर दुरुस्त. तिला कळणारही नाही.

२ फेब्रुवारी
माहितीपत्रकात लिहिलंय, अमुक बटण दाबा, रिकव्हरीतून सगळं पूर्ववत होईल. दाबलं. रिकव्हरी सापडत नाही म्हणे. इतकी महत्त्वाची वस्तू तर तिच्यावर तसं ठळक लिहायला नको का? लोक काढून टाकणारच.

खरं कारण संध्याकाळी सापडलं. कॉम्प्युटरवर ठेवलेलं कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट. पार्कमध्ये प्रत्येक मशीनवर तोडगा म्हणून ते असायचंच. पाकिटाचं नावच 'शहाण्यासारखं वाग', मग मशीन वागतं. आमच्या पाकिटाची मुदत डिसेंबरातच संपलेली. दर वर्षी ते लानमेई बदलते. यंदा तिने बदललं नाही. मी तिला दोष देत नाही.

३ फेब्रुवारी
नवं वर्ष, दुकानं बंद. एक उघडं होतं, त्यात हिरवं नव्हतं, पिवळं होतं. हिरवं म्हणजे मशीन चालू, पिवळं म्हणजे बिघाड; पार्कमध्ये कुणी मशीनवर पिवळं ठेवलं असतं तर त्याला गेटाबाहेर काढला असता. पण घरचा कॉम्प्युटर लहान असतो. ठेवलं.

आता पांढरी अक्षरंही येत नाहीत.

पिवळं खाऊन टाकलं. दुपारचं जेवण झालं.

५ फेब्रुवारी
शेजारचा लो आला. पोस्टातून रिटायर झालेला, बोलघेवडा. म्हणाला, फानभाऊ, तुम्ही पार्कातले, तुम्हाला काय सांगायचं, पण आमच्या सूनबाई पेनड्राइव्हवरून सगळं नवं घालून देतात. मग म्हणाला, वहिनी दिसल्या नाहीत. म्हटलं, माहेरी. म्हणाला, अजून? मी त्याला चहा दिला नाही.

सूनबाईने पेनड्राइव्ह दिला. म्हणाली, काका, आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्या, मगच हा लावा, बरं का. मी मान डोलावली. तरुण माणसांचा उत्साह मोडू नये.

७ फेब्रुवारी
लानमेईला फोन केला. मागून भांड्यांचा आवाज. भावाच्या शेवयांच्या दुकानात मदत करते म्हणाली. जेवता का वेळेवर, तिने विचारलं. म्हटलं, हो. कधी येणार विचारलं तर म्हणाली, गिऱ्हाईक आलंय, ठेवते. धंदा बरा चाललेला दिसतो.

९ फेब्रुवारी
पेनड्राइव्ह लावला. सगळ्या फाइली जातील, पुढे जायचं का, असं विचारलं. सिगारेटच्या पाकिटावर लिहितात तशातलं ते. पुढे गेलो.

कॉम्प्युटर चालू झाला. नव्यासारखा. माझं म्हणणं खरं ठरलं.

गाणी नाहीत. शब्द नाहीत. कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं, तीही रिकामी. बराच वेळ बसून राहिलो. वाईट वाटायला हवं होतं. पाय गार पडले होते, म्हणून मोजे घातले.

१० फेब्रुवारी
पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्याने समुद्रकिनाऱ्याचं एक चित्र परत आणलं. ते आमचं नाही.

११ फेब्रुवारी
नवी योजना. गाणी मीच म्हणून भरून ठेवायची. आवाजातला फरक तिला पटवता येईल. तीन वर्षं शेजारच्या खोलीत ती वाजत होती, ऐकलेली आहेत.

एकच ओळ आठवली. तीसुद्धा, म्हातारी तिथे खोकायची म्हणून. खोकला बरा जमला.

१२ फेब्रुवारी
कंदिलांचा सण. बाहेर बरीच पोरं होती. हिरवी पाकिटं मिळाली, तीन घेतली. संकल्प : उद्या फोन करून खरं सांगायचं.

१४ फेब्रुवारी
काल फोनची बॅटरी उतरली होती. आज हवा बरी नव्हती.

१५ फेब्रुवारी
फोन केला. सुरुवात अशी केली की हल्लीच्या डिस्क मुळातच कच्च्या येतात. मग सगळं सांगितलं. म्हणजे बरंचसं.

ती म्हणाली, अहो, काळजी करू नका. गाणी मी सफाईच्या आधीच माझ्याकडे उतरवून घेतली होती आणि तिथली काढून टाकली होती. तुम्ही जे पुसलंत, त्यात माझं काही नव्हतंच.

जीव भांड्यात पडला. काहीच गेलं नाही.

मग म्हणाली, उद्या थडग्यावर यायला मला जमायचं नाही. नैवेद्याची कोंबडी बाजारात उकडलेली मिळते. मोदकही मिळतात, पण सकाळी लवकर जा, संपतात. मी परवाचं विचारलं. म्हणाली, फान, मी इथे बरी आहे.

लग्नाला एवढी वर्षं झाली, तिने मला आडनावाने कधी हाक मारली नव्हती. फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

१६ फेब्रुवारी
थडग्यावर एकटाच गेलो. गवत उपटलं. मोदक संपले होते, केक ठेवला. वडिलांना सांगितलं की लानमेई माहेरी आहे. आईला काही सांगितलं नाही, तिला कळतं.

घरी येऊन कॉम्प्युटर लावला. झकास चालतो. हिरवं पाकीट वर ठेवलं, मुदत डिसेंबरपर्यंत.

कोट ठेवायला तिचं कपाट उघडलं, ती गेल्यापासून पहिल्यांदाच. आत काही नव्हतं. हँगरसुद्धा नेलेत. जागा बरीच झाली आहे.

दुसरं पाकीट तिथे ठेवलं. तिसरं खाल्लं.