धुऊन पालथा घातलेला डबा

प्रिय कुमुदमावशी,

"आधी माणूस, मग वस्तू."

तुझ्या वेस्ट मांबलमच्या घरात मी ऐकलेलं तुझं पहिलं वाक्य. लग्न होऊन नुकतीच चेन्नईत आले होते. तमिळ येत नव्हतं आणि इंग्रजी येतं असं नुसतं मार्कशीटवर लिहिलेलं होतं. माझ्या आईची ही धाकटी बहीण इथे इतकी वर्षं राहते, तिच्याकडे जा, ती शिकवेल, एवढ्या भरवशावर तुझ्या दारात उभी राहिले, तर तू चटईवर बसलेल्या मुलींना 'गिव्ह' शिकवत होतीस. मला हातानेच खूण केलीस, बस म्हणून.

आज ते वाक्य सकाळपासून डोक्यात आहे, कारण आज तुझं घर रिकामं केलं. किल्ली घरमालकांना देऊन आले. आता इथे माझ्या ओट्यावर तुझा डबा आहे, आणि त्याचं काय करायचं हे तुझ्याशिवाय कोणाला विचारू? म्हणून लिहायला बसले.

आठवतंय तुला ते लिंबू? तुझ्या रविवारच्या वर्गाला फळा नव्हता, पुस्तक नव्हतं. स्वयंपाकघरातलं एक लिंबू होतं. ते हातातून हातात फिरायचं. "गिव्ह सेल्वी द लेमन." "गिव्ह लता द लेमन." कोणी माणूस विसरलं की तू लिंबू मुठीत धरून विचारायचीस, कोणाला? हवेत टाकू? आणि वस्तू विसरलं, नुसतंच "गिव्ह लता" म्हटलं, की तू हात उगारायचीस. लताला काय देऊ? धपाटा? मग सगळ्याजणी हसायच्या, लता सगळ्यांत जास्त.

सेल्वी गुम्मिडिपूंडीहून यायची, दोन गाड्या बदलून. आठवडाभर कारखान्यात उभं राहायचं आणि रविवारी तुझ्यासमोर बसायचं. तिनेच एकदा अडवलं तुला. आमचे सुपरवायझर 'गिव्ह द बॉक्स टु लता' म्हणतात, तेही चालतं ना, टीचर? चालतं, म्हणालीस. मग 'गिव्ह अ मिनिट टु मी' का नाही चालत? तू लिंबू तळहातावर उचलून धरलंस. मग म्हणालीस, "लिंबू हातात धरता येतं. ते आधी आलं तरी बिघडत नाही. मिनिट, हसू, फोन, संधी, हे धरून ठेवता येत नाही गं. तिथे माणूसच आधी."

हे व्याकरण होतं की तुझा स्वभाव, मला आजही सांगता येणार नाही. पण त्या दिवसानंतर मला इंग्रजीची भीती वाटेनाशी झाली. ही इंग्रजी बोलणारी तर आपल्यासारखीच माणसं, मला वाटलं. आपण धीर देतो, शब्द देतो, हाक देतो. ते मिनिट देतात.

मग तो 'मी'चा रविवार. प्रत्येकीने 'गिव्ह मी' म्हणून स्वतःला हवं ते मागायचं. एकीने संधी मागितली, एकीने स्टेशनपर्यंत लिफ्ट. सेल्वीने पगारवाढ मागितली आणि खोली हसून हसून लोळली. शेवटी तीच म्हणाली, आता टीचरची पाळी. तू म्हणालीस, "गिव्ह मी अ मिनिट. गॅसवर दूध आहे, बघून येते." आणि उठून आत गेलीस. सगळ्यांना वाटलं, काय छान उदाहरण दिलं.

मावशी, मी तुझ्यामागोमाग पेले आणायला आत आले होते. गॅसवर दूध नव्हतं.

तेव्हापासून मी बघत राहिले, तू कधी कोणाकडे काही मागतेस का. माझ्या पहिल्या पगारातून तुला साडी आणली, मोरपंखी. तू ती डोळ्यांना लावलीस, आणि महिन्याभरात ती सेल्वीच्या लग्नात सेल्वीच्याच अंगावर! मी तोंड पाडलं तर म्हणालीस, तिला शोभते गं जास्त. काका एग्मोरच्या ऑफिसातून रिटायर झाले तेव्हा आम्ही तुम्हा दोघांना फिरायला पाठवणार होतो. तुझे गुडघे नेमके तेव्हाच दुखायला लागले. काका गेल्यावर किती म्हटलं, माझ्याकडे ये. येते की, म्हणायचीस. येणं कधी झालं?

आणि ते आइस्क्रीमचे डबे! आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. तुझ्या शेजारच्या पद्मामामींकडेही तीच रीत. त्यांची वाटी तुझ्याकडे पायसम घेऊन यायची, कोशिंबीर घेऊन परत जायची. पण मला, सेल्वीला, लताला द्यायचं म्हटलं की तू आइस्क्रीमचे रिकामे डबे काढायचीस. परत आणू नकोस गं, टाकून दे. आज तुझ्या माळ्यावर त्यांची केवढी चळत निघाली! तू देण्याचा रस्ता उघडा ठेवलास आणि परतीचा बंद केलास. हे काही बरोबर नव्हतं मावशी. रागच आला मला, त्या चळतीसमोर बसून.

म्हणून तर हा डबा मला समजत नाही.

शेवटची भाजणी तू स्टीलच्या डब्यातून दिलीस. तुझ्या चांगल्यातल्या. मांबलमच्या भांडेवाल्याने त्यावर तुझं नाव कोरलंय. त्याला देवनागरी येत नव्हती, तू लिहून दिलेल्या कागदावरून त्याने अक्षरं उतरवली आणि वरची रेघ राहूनच गेली. दोरी तुटून पडलेल्या कपड्यांसारखं दिसतं 'कुमुद'. मी दारातून निघाले तेव्हा तू म्हणालीस, "डबा परत आण हं." मी जिन्यात थांबून वर बघितलं. तू दार लावून घेतलं होतंस.

भाजणी बरणीत काढली. शुक्रवारी डबा धुतला, पुसला, ओट्यावर पालथा घातला. रविवारी यायचं होतं. त्यात काय घालावं, तेवढंच ठरत नव्हतं. शनिवारी उजाडताना मामींचा फोन आला.

झोपेतच गेलीस. कोणाला हाकही दिली नाहीस. तुला शोभलं ते.

आज टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मामी दारात आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "कन्ना, बाळा, गुरुवारी आम्ही दोघी गच्चीवर होतो. माझे वडामाचे पापड वाळले होते, ते ती गोळा करून देत होती. म्हणाली, रविवारी माझा डबा परत येणार आहे. बघू या, मीनू काय घालून आणते."

मामींनी तुला विचारलं म्हणे, तुला काय हवंय? तू हसलीस. सांगून आणलेलं काय कामाचं, म्हणालीस.

मी तिथेच पायरीवर बसले. मामी पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटलं, घर सुटतंय म्हणून रडतेय.

मावशी, मला माहीत नाही गं तुला काय आवडायचं. काकांना अळूची भाजी, सेल्वीला तुझी साबुदाण्याची खिचडी, मला भाजणीचं थालीपीठ, हे सगळं तुझ्या स्वयंपाकघराला पाठ होतं. तुझं काय? विचारलं की एकच उत्तर, मला सगळं चालतं. बहिणीच्या आवडीचं आईला विचारावं, तर आईही नाही आता. मामींना विचारलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून, त्यांनाही सांगता येईना. कॉफी कमी साखरेची, एवढंच म्हणाल्या.

पहिल्यांदाच तू कोणाकडून तरी काहीतरी येण्याची वाट बघत होतीस. आणि ज्या दिवशी मला हे कळलं, त्या दिवशी तुझ्या दाराला दुसऱ्याचं कुलूप होतं.

संध्याकाळी घरी आले तर इरा फोन घेऊन जेवण मागवत बसली होती. तुला काय हवं, आई? मी म्हणाले, काहीही चालेल. ती वर न बघता म्हणाली, "आई, 'काहीही' मेन्यूत नसतं." पंधरा वर्षांची आहे, मराठीपेक्षा तमिळ सहज बोलते, पण हे नेमकं मराठीत बोलली. तुझंच वाक्य माझ्या तोंडात कधी येऊन बसलं, मावशी?

तर शब्द देते तुला. इराला मी सांगून ठेवीन, मला काय आवडतं ते. नाव घेऊन मागेन. तिने आणलेलं दुसऱ्या कोणाला देऊन टाकणार नाही, अगदी शोभत असलं तरी. माझ्यामागे तिला असा एखादा डबा समोर घेऊन बसायला लागू नये.

आणि तू? तुझं ते अर्धं राहिलेलं वाक्य एकदाच पुरं कर. 'गिव्ह मी', पुढे काय? साखरभात? नारळाच्या वड्या? की मामींच्या हातचं काहीतरी, जे तू माझ्यासमोर कधी मागून खाल्लं नाहीस? ठाऊक आहे मला, तू सांगणार नाहीस. गॅसवर दूध आहे म्हणशील आणि उठून आत जाशील.

तरी विचारते. डब्यात काय घालू?

तुझी,
मीनू