निकाल राखून ठेवलेला वाद

माझ्या हृदयाच्या झडपेवर आता शस्त्रक्रिया होणार नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी सोमवारी हे मला सांगितले आणि माझ्या पुतण्याने फोन केला तेव्हा त्यालाही तेच सांगून पक्के केले. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला. त्यासाठी वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी म्हणालो, "डॉक्टर, हे गणित झालं. गणिताला आम्ही वादात धरत नव्हतो." हे वाक्य त्यांनी दाखल्यात घेतले नाही.

सबब मी, रसायनशास्त्राचा निवृत्त अध्यापक, ज्याला विद्यार्थी पाठीमागे आम्लसर म्हणत तो, माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे लावत आहे. कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस नाही. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवल्यास तो खोटा समजावा.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर पुतण्याला द्यावे. तो रविवारी फोन करतो, "काका, जेवलात का?" विचारतो आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतो. तो संगणकाचे काम करतो. एकदा आमच्या बैठकीत त्याने "संगणकशास्त्राचं काय?" असे विचारले, तेव्हा अण्णा म्हणाले, "तू बस बाळा, पण बोलू नकोस." तो खरोखर जमिनीवर बसला आणि बोलला नाही. हा गुण घर मिळण्यास पुरेसा आहे. स्वयंपाकघरात तीन खुर्च्या आहेत. चौथी कधी नव्हतीच, शोधू नये.

अण्णा म्हणजे आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे अध्यापक. तिसऱ्या खुर्चीत वनस्पतिशास्त्राच्या बाई. पुढची कलमे समजावीत म्हणून इथेच सांगून ठेवतो: नोकरीत असताना आणि नंतरही, दर शनिवारी आम्ही तिघे एकाच प्रश्नावर भांडत आलो. शास्त्रांमध्ये सगळ्यांत महत्त्वाचे कोणते? दोघांनी भांडायचे, तिसऱ्याने न्यायाधीश व्हायचे आणि तोंड मिटून ऐकायचे. न्यायाधीश आळीपाळीने. जो हरेल त्याने पुढच्या शनिवारी सुरुवात करायची, कारण जिंकलेला आधीच फुगलेला असतो, असे अण्णांचे निरीक्षण होते. हरलेल्याने पहिला शब्द काढेपर्यंत दुसऱ्याने बोलायचे नाही. नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडलेही नव्हते.

कलम २. माजी प्राचार्यांना काहीही देऊ नये. आम्ही सुरुवातीला प्रयोगशाळेमागच्या तराजूच्या खोलीत जमायचो. तिथे वारा येत नाही, आवाज बाहेर जात नाही. त्यांनी दारावर "येथे निष्कारण बसू नये" अशी पाटी लावली आणि पुढे त्या खोलीत झेरॉक्सचे यंत्र ठेवले. बाई त्यांना म्हणाल्या, "कारण आहे हो, ते अजून ठरायचंय." त्यांना विनोद कळला नाही. तेव्हापासून आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसू लागलो. म्हणजे तसे पाहता हे घर नांदते राहिले, ते त्यांच्या पाटीमुळे. तरीही काही देऊ नये.

कलम ३. बँकेतली ठेव महाविद्यालयाला द्यावी आणि तिच्या व्याजातून तिन्ही प्रयोगशाळांसाठी सारखेच सामान घ्यावे. सारखी वाटणी म्हणजे माझा निकाल नव्हे. रसायनशास्त्राविषयीचे माझे मत मृत्यूनंतरही कायम राहील. वारसांनी त्यात फेरफार करू नये.

कलम ४. काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा तराजू, जो मी भंगाराच्या लिलावात सोडवून आणला, तो अण्णांच्या मुलीला द्यावा. अण्णा म्हणत, "तराजू पदार्थविज्ञानाचा." मी म्हणे, "मग वापरता कधी?" मुलगी म्हणाली, "काका, मला तो नुसता बघायला हवाय." अशा माणसाशी वाद घालता येत नाही.

कलम ५. प्रलंबित वादाबाबत. शेवटची बैठक अण्णांच्या रुग्णालयातल्या खाटेशेजारी झाली. न्यायाधीश व्हायची वेळ अण्णांची होती आणि ती त्यांनी सोडली नाही. नाकाला प्राणवायूची नळी होती. मी सुरुवात केली, कारण आधीच्या शनिवारी मी हरलो होतो.

मी म्हणालो, "या नळीतून जे येतंय ना, ते रसायन. बंद करा, मग बघू कोण महत्त्वाचं."

बाई म्हणाल्या, "आणि ते घेतंय कोण? तुमची बाटली? आणि सर, तो वायू मुळात केला कोणी? पानांनी. तुम्ही फक्त डब्यात भरलात."

"भरणं सोपं वाटतं का तुम्हाला?"

"पानाला विचारा. ते उन्हात उभं राहून करतं. लेबलसुद्धा लावत नाही."

अण्णा हसले आणि त्यांना खोकला आला. मग म्हणाले, "नळीतून तो ढकलला जातो दाबाने, हे दोघंही विसरलात. पण मी आज न्यायाधीश आहे, मी काही बोललो नाही." नर्सने आम्हाला बाहेर जायला सांगितले. मी दारातून विचारले, "निकाल?" अण्णा म्हणाले, "राखून ठेवलाय. उद्या या."

उद्या अण्णा नव्हते.

त्यामुळे कोण हरले ते ठरले नाही, आणि पुढच्या शनिवारी सुरुवात कोणी करायची तेही ठरले नाही. मी थांबलो. बाईही थांबल्या असाव्यात. पुढे गुडघे धरल्याने त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला भाचीकडे राहायला गेल्या. भाची मला डोळ्यांच्या दवाखान्यात भेटली.

"मावशी तुमची फार आठवण काढते."

"मग फोन का नाही करत?"

"ती म्हणते, सर हरले, सुरुवात त्यांनी करायची."

"त्यांना सांग, निकाल लागलेला नाही. पानांचा मुद्दा अण्णांनी मान्य केलेला नव्हता."

"मी नाही हं तुमच्या दोघांत पडत," असे म्हणून ती औषधे घ्यायला गेली.

तेव्हापासून शनिवारी मी दोन्ही बाजू एकट्यानेच मांडून पाहिल्या आहेत. मी दर वेळी जिंकतो. त्यात काही चव नाही. बाईंची बाजू मांडताना त्यांचे मुद्दे आठवतात, पण त्या मध्येच तोडून बोलत, ते मला स्वतःशी करता येत नाही. एवढी वर्षे एका प्रश्नावर भांडलो. तो सुटला असता तर पुढच्या शनिवारी काय केले असते, हे आमच्यापैकी कोणीच विचारले नाही. अण्णांनी मनात विचारले असावे. त्यांचे निकाल नेहमीच जरा लंगडे असत.

कलम ६. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. हे जीवशास्त्राच्या बाजूचे मत धरू नये. तिथे ज्या द्रवात ठेवतील ते रसायन आहे.

कलम ७. वनस्पतिशास्त्राच्या बाईंना या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. हे विसरून झालेले नाही. कच्चा मसुदा वाचून वकीलबाईंनी पेन खाली ठेवले होते.

"सर, इतक्या वर्षांचा स्नेह, आणि त्यांना एक पुस्तकसुद्धा नाही?"

मी विचारले, "दिलं, तर त्यांना साक्षीदार होता येईल का?"

"सही करतील, पण मग त्यांना दिलेलं रद्द होतं. ज्याला मिळायचं, त्याने साक्षीदार होऊ नये."

"साक्षीदाराला इथे यावं लागतं ना?"

"हो. तुम्ही सही करताना त्यांनी समोर असायला हवं."

"मग त्यांना काही नको."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हीच एक फोन केलात तर?" मी त्यांना नियम समजावून सांगितला. त्यांनी तो मन लावून ऐकला आणि डोक्याला हात लावला. वस्तू पाठवली असती तर बाईंनी पोचपावती पाठवून दिली असती, छान अक्षरात. पोचपावती माझ्याकडे नको. साक्षीदार होण्याबाबत आमच्या नियमांत काहीच म्हटलेले नाही, हे मी तपासून पाहिले आहे. वाद सुरू करणे वेगळे आणि कायद्याने बोलावणे वेगळे.

वकीलबाईंनी काल त्यांना फोन केला. मी शेजारीच बसलो होतो. पलीकडून विचारणा झाली, "सरांनी बोलावलंय की कायद्याने?" वकीलबाई म्हणाल्या, "कायद्याने." पलीकडून उत्तर आले, "बघते. आधी गुडघ्यांना विचारते."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी पूर्ण वाचून, समजून, शुद्धीवर असताना करून ठेवत आहे. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर.

दिनांक: सह्यांच्या वेळी घालावा.

मृत्युपत्र करणार: आम्लसर. सही: दोन्ही साक्षीदार समोर बसल्यावर.

साक्षीदार १: चौकातले औषधविक्रेते. येणार असल्याचे त्यांनी कळवले आहे. गल्ला भाऊ सांभाळेल.

साक्षीदार २: वनस्पतिशास्त्राच्या बाई. सहीपुढे जागा जास्त सोडावी. त्या आधी सगळे वाचतात आणि समासात दुरुस्त्या करतात.

सह्या गुरुवारी अकरा वाजता होणे अपेक्षित आहे. बाई बारापर्यंत न आल्यास वकीलबाई खालच्या चौकीदाराला वर बोलावतील. त्याच्या सहीनेही हा कागद तितकाच कायदेशीर होईल, असे त्यांनी मला सांगितले आहे.