स्टेपनीशेजारी सासूबाई

सन्माननीय साडूभाऊ फिक्रेत यांस,

कायसेरीहून थोरला साडू नेव्झात याचा मनापासून सलाम. (सन्मान इथपर्यंतच, पुढे नेहमीसारखं अरे-तुरे.) तुझा गुडघा कसा आहे? सबाहतचं पित्त काय म्हणतंय? तुमच्या इझमिरला थंडी म्हणजे ऐकीव गोष्ट. इथे डोंगरावरून असा वारा सुटलाय की सकाळी दुकान उघडताना आधी कुलपाला हातात धरून ऊब द्यावी लागते. पण अल्लाच्या कृपेनं आम्ही सगळे ठणठणीत आहोत आणि थंडीमुळे रजयांचा खपही बरा आहे. नेझाहत धाकट्या बहिणीची आणि तुझी रोज आठवण काढते. आपल्या सासूबाई तुझ्या मुलांच्या डोळ्यांचे मुके घेतात आणि धाकटा जावई फोन का करत नाही असं मला विचारतात. मी सांगितलं, तो पेट्रोलच्या रांगेत उभा असेल.

विषय निघालाच आहे तर सांगतो. मी गाडीला गॅस बसवला तेव्हा तू फोनवर काय म्हणाला होतास ते मी विसरलेलो नाही. ‘नेव्झातभाऊ, ताकावर गाडी चालत असती तर तुम्ही कायसेरीकरांनी डिकीत गाय बांधली असती.’ बांधली असती, त्यात लाजायचं काय? पण ही हौस नव्हती, गरज होती. आमचा केरेम अंकाराला शिकायला गेला, तिथून पदवी घेऊन आला आणि बेग्युम नावाच्या मुलीला मन देऊन आला. (आम्ही त्याला फक्त पदवी आणायला पाठवलं होतं.) आता इथे शाळेत मास्तर झालाय, पण दर शनिवारी माझी गाडी काढून अंकाराला जायचा आणि रविवारी टाकी कोरडी करून यायचा. पोराचं प्रेम पेट्रोल पिऊ लागलं की बापाला दोनच रस्ते उरतात, एक तर लग्न लावून द्या नाही तर गॅस बसवा. लग्नाला मुलीच्या बापाची परवानगी लागते, गॅसला लागत नाही. म्हणून आधी गॅस बसवला.

काम हायरी मिस्त्रीनं केलं, अगदी सरकारी शिक्का आणि कागदपत्रांसकट. टाकी मोठ्या गोल भाकरीसारखी असते आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात चपखल बसते. मग स्टेपनी कुठे बसणार हा प्रश्न मिस्त्रीचा नव्हे, आपला. मिस्त्रीनं एवढंच बजावलं की गाडी सुरू होते पेट्रोलवर आणि इंजिन तापलं की गॅसवर जाते, तेव्हा पेट्रोल कधी संपू देऊ नका. मी हो हो म्हणालो. पण फिक्रेत, तूच सांग, एकदा गॅस घेतल्यावर पेट्रोलच्या पंपासमोर उभं राहायला माणसाचे पाय धजतात का? मी आपलं भाजीत मीठ टाकावं तसं चिमूट चिमूट पेट्रोल घालायचो. काटा लाल रेघेवर असायचा आणि त्याला तिथली सवय झाली होती.

तर मागच्या रविवारी आम्ही बेग्युमला मागणी घालायला अंकाराला गेलो. डिकीत माझ्या दुकानातली गुलाबी साटिनची रजई, खिमा भरलेल्या इवल्या मंतीचे डबे, चॉकलेटचं चांदीचं तबक आणि भलामोठा पास्तिर्मा. (मेथी-लसणाचा लेप लावून वाळवलेलं मांस घेतल्याशिवाय कायसेरीचा माणूस कुणाच्या दारात उभा राहत नाही हे तुला माहीतच आहे, तुझ्या मागणीच्या वेळी तूच सासूबाईंच्या घरातला अर्धा संपवला होतास.) पुढे मी आणि मांडीवर फुलं घेतलेली नेझाहत. मागे एका खिडकीशी केरेम, दुसऱ्या खिडकीशी सासूबाई आणि मधे पट्टा लावून बसवलेली स्टेपनी. आधी सासूबाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली. पण एकदा गाडी वळणावर कलली, स्टेपनीनं आधार दिला आणि तेव्हापासून दोघींचं जमलं. वाटेतलं किर्शेहिर मागे पडेपर्यंत त्या तिच्यावर डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या.

अंकाराला पोचलो तर बेग्युमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगच्या तोंडावर हातभर अक्षरांत पाटी, ‘गॅसच्या गाड्यांना सक्त मनाई’. तेव्हा केरेमनं घसा साफ केला आणि घरातून निघण्याआधी सांगायची गोष्ट तिथे सांगितली. ती पाटी मुलीच्या वडिलांनीच लावलेली आहे. रुश्तूसाहेब अग्निशमन दलातून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, आणि एके काळी लोक स्वयंपाकघरातलं सिलिंडर उचलून गाडीला जोडायचे तेव्हा झालेल्या आगी त्यांनी स्वतः विझवल्या आहेत. ‘बाबा, पाया पडतो, वर गेल्यावर गॅसचा ग काढू नका,’ केरेम म्हणाला. मी वचन दिलं आणि गाडी बाहेर रस्त्यावर लावली.

दार रुश्तूसाहेबांनीच उघडलं. माणूस कपाटाएवढा, मिशा पांढऱ्याशुभ्र. आम्हाला आत घेण्याआधी त्यांनी दोनदा हवा हुंगली आणि म्हणाले, ‘वास कसला येतोय?’ केरेमचा चेहरा पडला. पण तो पास्तिर्म्याचा वास होता. इतक्या तासांत तो आमच्या कोटांत, फुलांत आणि बहुधा हाडांतही मुरला होता. नेझाहतनं पुडकं पुढे केलं आणि पहिला घाट आम्ही पार केला.

मग कॉफी आली. नवऱ्या मुलाची परीक्षा म्हणून केरेमच्या कपात रिवाजाप्रमाणे साखरेऐवजी मूठभर मीठ होतं आणि पोरानं ती कॉफी सरबत प्यावं तशी हसत प्यायली. घरात सगळ्यांत वडीलधाऱ्या म्हणून मागणी सासूबाईंनी घालायची होती. त्यांनी रुमाल सारखा केला, ताठ बसल्या आणि म्हणाल्या, ‘अल्लाच्या आज्ञेनं आणि पैगंबरांच्या वचनानं तुमची बेग्युम आमच्या केरेमसाठी मागायला आलोय.’ आवाज असा की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांच्या उजव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत टायरची नक्षी उमटली होती आणि सगळी मंडळी त्यांच्या शब्दांपेक्षा त्या नक्षीकडेच बघत होती.

अशा वेळी मुलीच्या बापानं म्हणायचं असतं की पोरांनी एकमेकांना पसंत केलं, आता आपण काय बोलणार. रुश्तूसाहेबांनी मात्र खिडकीतून खाली बघितलं आणि विचारलं, ‘गाडी बाहेर का लावलीत? गॅसची आहे का?’

फिक्रेत, मी खोटं बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं. मी उलट शिक्का, कागद, हायरी मिस्त्रीचा हात, महिन्याची बचत असं सगळं सांगत सुटलो. मी बोलत गेलो तसतशी नेझाहत माझ्या पायावर पाय देत गेली. रुश्तूसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘माझी मुलगी त्या गाडीत बसणार नाही. आधी टाकी काढा, मग बोलू.’ मी म्हणालो, ‘टाकी काढली तर तुमच्या मुलीला माहेरी महिन्यातून एकदाच आणता येईल, मग मला बोल लावू नका.’ बेग्युम रिकामे कप घेऊन आत गेली आणि केरेमनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. पोराचा तो चेहरा बघून मला स्वतःचाच राग आला.

आत स्वयंपाकघरात नेझाहतनं मुलीच्या आईकडून बातमी काढली. हे तिसरं स्थळ. पहिला मुलगा डॉक्टर होता, पण मोटारसायकल चालवतो म्हणून रुश्तूसाहेबांनी परत पाठवला. दुसरा इंजिनिअर, त्याचं घर अकराव्या मजल्यावर. ‘आमची शिडी तिथवर पोचत नाही,’ म्हणाले. बेग्युम एकुलती एक आहे.

आम्ही उठलो. रिवाज म्हणजे रिवाज, हो म्हटलेलं नसलं तरी पाहुण्यांना खाली पोचवायला सगळे आले. मुलीची आई पाण्याचं तांब्याएवढं भांडं घेऊन उभी होती, गाडी हलली की मागे पाणी टाकायचं, म्हणजे पाहुणे पाण्यासारखे सुखरूप जातात आणि परत येतात. मी किल्ली फिरवली, गाडीनं घरघर केलं आणि बाईंनी पाणी टाकलं. गाडी सुरू झाली नाही. मी पुन्हा किल्ली फिरवली, तोवर त्या दुसरं भांडं भरून आल्या होत्या, तेही टाकलं. मग तिसरं. थंडी अंकाराची, उन्हं उतरलेली. बघता बघता गाडीमागे आरशासारखा बर्फ तयार झाला.

खरं कारण मला पहिल्याच घरघरीला कळलं होतं. पेट्रोलचा ठणठणाट. पण आत एवढी बढाई मारून झाल्यावर ते कुठल्या तोंडानं सांगू? मी म्हणालो, बॅटरी उतरली असेल, जरा धक्का द्या. केरेम उतरला, रुश्तूसाहेबांनी कोट काढून बायकोच्या हातात दिला आणि दोघांनी खांदा लावला. पहिल्याच धक्क्याला त्या बर्फावरून रुश्तूसाहेबांचे पाय सटकले आणि ते खाली बसले, मिशांसकट. केरेम त्यांना उचलायला धावला आणि त्यांच्याच मांडीत जाऊन बसला. इतक्यात सासूबाईंनी मागची काच खाली केली. ‘नेव्झात, अरे पेट्रोल घाल ना तिच्यात. काटा सकाळपासून निजलाय. मला इथून दिसत होतं.’

बेग्युमला हसू फुटलं, मग तिच्या आईला, मग बर्फावर बसलेल्या केरेमला. रुश्तूसाहेब हसले नाहीत. ते उठले, पँट झटकली आणि मला म्हणाले, ‘चला माझ्याबरोबर.’ तळघरात त्यांच्या गाडीपाशी गेलो. त्यांनी एक रबरी नळी आणि पाण्याची मोठी रिकामी बाटली काढली. (अशी बाटली दुसऱ्या कुणाच्या हातात दिसली असती तर त्यांनी त्याला तिथेच कोंडून ठेवलं असतं.) नळी टाकीत सोडली, तोंडानं ओढली आणि पेट्रोलचा पहिला घोट स्वतः घेतला. थुंकत, डोळे पुसत बाटली भरेपर्यंत ते माझ्याकडे न बघता उभे होते. मग त्यांनी विचारलं, ‘तुम्ही मघाशी म्हणालात ते खरं का? गॅसवर वरचेवर यायला परवडतं?’

मी म्हणालो, ‘दर रविवारी परवडतं.’

‘दर रविवारी,’ ते म्हणाले आणि नळीचं वेटोळं करत राहिले. तेव्हा मला कळलं, फिक्रेत. आयुष्यभर आगीत शिरलेला हा माणूस गॅसला कसला घाबरतोय? त्याला मुलगी जाण्याची भीती वाटतेय. ती अंकारातच शेजारच्या दारी नांदायला गेली असती तरी त्यानं उंबरठ्याच्या उंचीत खोट काढली असती. मला फार वाईट वाटलं त्यांचं आणि मी त्यांचा हात धरला. दोघांच्याही हाताला पेट्रोलचा वास होता.

वर आल्यावर त्यांनी स्वतः बाटली आमच्या टाकीत रिकामी केली, केरेमच्या पाठीवर थाप मारली आणि बेग्युमकडे बघून म्हणाले, ‘पोरांनी एकमेकांना पसंत केलंय, आता आपण काय बोलणार.’ बाईंनी चौथं भांडं टाकलं आणि आम्ही व्याह्यांच्या पेट्रोलवर अंकारा सोडलं. लग्न मे महिन्यात ठरलंय. तुम्ही सगळ्यांनी आठ दिवस आधी यायचं, ऐनवेळी गुडघ्याची सबब चालणार नाही. थोरांचे हात आणि धाकट्यांचे डोळे माझ्या वतीनं चुंबावेत.

तुझा साडू,
नेव्झात

ता. क. गॅसचा अनुभव एकंदरीत फार समाधानकारक आहे. तूही बसव.

ता. क. २. एक किरकोळ गोष्ट राहिली. रुश्तूसाहेबांनी निघताना खिडकीत वाकून एक अट घातली, ‘रोज कशावरही फिरवा, पण माझ्या दारातून नवरी निघेल ती पेट्रोलच्या गाडीतून.’ त्या माणसाच्या तोंडातली पेट्रोलची चव अजून गेली नव्हती, मी नाही कसं म्हणणार? शब्द देऊन बसलोय. तेव्हा नवरीची गाडी म्हणून तुझी गाडी हवी. धुऊन, पुसून, पेट्रोल भरून आण. फुलं आणि फिती मी लावीन.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात नेझाहत सांगते की तूही शरद ऋतूतच गॅस बसवलायस, आणि मला कळू नये म्हणून सबाहतला शपथ घातली होतीस. तुझं ताक आणि गाय यांबद्दल आपण लग्नात सावकाश बोलू. गाडी तरी घेऊन येच, दुसरी कुठून आणू? रुश्तूसाहेबांना वास येईल ही चिंता करू नकोस. त्या दिवशी रडून रडून त्यांचं नाक पार चोंदलेलं असेल.