परसातल्या अंजिराचा वंश

पौष वद्य ५

ज्याच्या कृपेने वाळक्या काडीला डोळा फुटतो आणि मुक्या मनाला शब्द, त्या गजाननास, व आम्हां सर्वांना पोसणाऱ्या गोदामाईस प्रथम नमस्कार. आता विषय. परसातले अंजीर तोडावे लागणार.

गवंडी जमिनीतल्या टाकीत उतरला होता. वर आला तो हातात मुळांचा जुडगा घेऊनच. "गुरुजी, भिंत फोडून आत घुसल्या ह्या मुळ्या. नुसतं प्लास्टर मारून नाय भागणार. आधी झाड काढा, मग भिंत बांधतो." टाकी एकच. वर आम्ही, खाली भाडेकरू. सर्वांचे पिण्याचे पाणी तेच. भरलेली टाकी सकाळी अर्धी का होते, याचा उलगडा झाला.

हे झाड कोणी लावलेले नाही. मोरीच्या पाण्यावर आपोआप आले. पाखराने आणले असावे. फळ पिकले तरी साल हिरवीच, आत मात्र गुलाल. देठाशी मान वाकली की पिकले, हे सौ.चे शास्त्र. बाजारातल्या जांभळ्या अंजिराशी याचे नाते दिसत नाही. नर्सरीवाल्यांना फळे नेऊन दाखवली, जात एकालाही सांगता आली नाही. म्हणजे हे गेले तर असे दुसरे विकतही मिळायचे नाही.

पौष व. ६

संध्येत चित्त नव्हते.

चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी, घरात आम्ही तिघेच. सून केतकी कामावरून आल्यावर म्हणाली, "बाबा, तोडायच्या आधी काड्या लावू. अंजीर काडीवर येतं." गवंड्याला विचारले. पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. तोवर भोक तात्पुरते बुजवणार. "पण त्याच्यापुढं नाय थांबणार. ऐन उन्हाळ्यात पाणी गेलं तर शिव्या मलाच द्याल."

औदुंबराच्या कुळातले म्हणून या झाडाला मी आजवर शस्त्र लागू दिले नव्हते. तसे बोलूनही दाखवले. सौ. म्हणाली, "कुळातला म्हणून प्रत्येकजण देव होत नाही. तुमचे भाऊ पाहिलेत ना?"

काड्या लावायचे ठरले.

पौष व. ११

छाटणी झाली. यज्ञासाठी झाड तोडताना कुऱ्हाड आणि साल यांच्यामध्ये दर्भाची काडी धरतात, आणि शस्त्राला विनवतात की याला दुखवू नकोस. बाळाचे जावळ काढतानाही विनवणी तीच. जन्मभर इतरांच्या मुलांसाठी म्हटली, आज झाडासाठी म्हटली. मी दर्भ धरला, केतकीने सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, चालवली. सौ. ओट्यावरून: "मामाला बोलावू का? मांडीवर घ्यायला?"

पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, प्रत्येकीवर तीन-चार डोळे. खालचा काप तिरका, वरचा सरळ. म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. चीक लागून बोटे खाजत आहेत. लेखन आवरते.

माघ शु. २

कुंड्या तुळशीजवळ मांडल्या. अभिषेकाचे तीर्थ पायदळी जाऊ नये म्हणून रोज बेलाच्या बुंध्याशी घालतो. आजपासून ते या काड्यांना. याहून पवित्र जल कोणते!

माघ शु. १०

पाने आली! बहुतेक सर्व काड्यांना. इवली, घडी घातलेली, पोपटी. पोथी तशीच उघडी टाकून कुंड्यांपाशी बसून राहिलो. घाटावर भेटेल त्याला सांगितले. निम्म्या पंचवटीला रोपे कबूल करून आलो असेन. सौ.चा सल्ला: "आधी जगू द्या, मग दान करा." तिला प्रत्येक गोष्टीत विघ्न दिसते.

माघ व. ३

सारी पाने माना टाकून. कुंड्यांत मुंग्यांची रांग. एक काडी उपसली तर तळाशी काळी, बुळबुळीत. आंबूस वास.

सौ.ने चौकशी आरंभली. "तीर्थात काय काय असतं हो?"

"जे असायचं तेच. दूध, दही, तूप, मध, साखर. नंतर शुद्धोदक."

"म्हणजे रोज पंचामृत पाजलंत! माणसाचंसुद्धा पोट बिघडेल, ही तर काडी."

केतकीने तोंड फिरवले, पण खांदे हलताना दिसत होते. मग जवळ येऊन बसली व समजावून सांगितले: काडीच्या अंगी जी शिदोरी असते तिच्यावरच ती पहिली पाने येतात. "पान आलं म्हणजे मूळ आलं असं नाही, बाबा."

हे मला कळायला हवे होते. पाठशाळेत अर्थ न कळता खडाखडा म्हणणारी कितीतरी मुले पाहिली आहेत.

एकही वाचली नाही.

माघ व. ५

दुसरी छाटणी. लावण्याजोगत्या फांद्या आता थोड्याच उरल्या होत्या. ऊनही तापू लागले. ही खेप गेली तर झाड गेले, आणि जातही. हे तिघांनाही ठाऊक आहे. 

या वेळी कारभार केतकीकडे. निम्मी वाळू, निम्मे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. पाणी मोजके आणि केवळ नळाचे. एक काडी तिने सरबताच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्यात लावली आहे, मूळ फुटले तर बाहेरून दिसावे म्हणून. मला आज्ञा: "तुम्ही फक्त जप करा. आणि तोही लांबून."

माघ व. ९

सटाण्याचे दौलतराव आले होते. तीन पिढ्यांचे आमचे यजमान. त्यांच्या वडिलांचे श्राद्ध होते. जेवण झाल्यावर कुंड्यांकडे लक्ष गेले. अंजीर म्हटल्यावर डोळे चमकले, लावायला काड्या मागितल्या. "यानी जात कोनती शे, गुरुजी?"

मी म्हटले, कोणालाच ठाऊक नाही.

"मंग मी लोकेस्ले काय सांगू?"

लोकांना नाव काय सांगायचे, हा प्रश्न रास्तच. तेव्हा सुचले. संकल्पात ज्याला आपले गोत्र आठवत नाही त्याचे आपण काश्यप म्हणतो. ज्याचे कोणी नाही तो काश्यपांचा. कोणालाही पंक्तीबाहेर न ठेवणारी ही सोय पूर्वजांनी किती प्रेमाने करून ठेवली आहे! तर याचेही काश्यप. दौलतराव मनापासून हसले. "चालस! काश्यप अंजीर." उरलेल्या काड्यांपैकी काही ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. एका ठिकाणी सगळ्या ठेवणे बरे नव्हे. केतकीने कुंड्यांवर खडूने 'काश्यप' लिहिलेसुद्धा.

फाल्गुन शु. ६

काही नाही. काड्या आहेत तशाच, काठ्यांसारख्या.

टाकीचे बुजवलेले भोक पुन्हा झिरपते आहे. आज दुपारीच पाणी संपले. खालच्या वहिनी कळशी घेऊन शेजारच्या सोसायटीत गेल्या. मी समोरच उभा होतो, त्या काही बोलल्या नाहीत. सौ. बोलली. "झाडाचा वंश वाढेपर्यंत सगळ्यांनी बादल्याच वाहायच्या का?" तिचे गुडघे दुखतात. रागही रास्त आहे. तिच्या हातची बादली घेतली तर म्हणते, "राहू द्या, तुमची कंबर धरली तर ते आणखी एक."

गवंड्याला लगेच बोलावतो म्हणालो. यावर तीच म्हणाली, "पाडवा ठरलाय ना? मग पाडवाच."

फाल्गुन शु. १३

मोह आवरत नव्हता. काडी किंचित उपसून पाहावी म्हणून हात पुढे केला तोच खिडकीतून: "बाबा!" कामावर गेली असे समजत होतो.

फाल्गुन व. ४

मूळ!

पेल्याच्या कडेला, आतून चिकटलेले, पांढरेशुभ्र, दोऱ्याहून बारीक. प्रथम वाटले वाळूतली रेघ. चष्मा पुसला. केतकीला हाक मारली. तिने पाहिले आणि मला चक्क टाळी दिली. सासऱ्याला! मीही दिली. सौ. पदराला हात पुसत आली, पेला उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. "आलं बाई," एवढेच बोलली. संध्याकाळी शिरा केला.

वर अजून पान नाही, बरे का. या वेळी आधी मूळ.

चैत्र शु. ३

आज तोडले.

गवंडी दोन माणसे घेऊन सकाळीच आला. मी पूजा केली, क्षमा मागितली, या झाडावर ज्यांचे घर असेल त्यांनी कृपा करून अन्यत्र जावे, अशी रीतीप्रमाणे प्रार्थना केली. बुलबुलाची जोडी खरोखरच पलीकडच्या शेवग्यावर बसली होती. तिने कधीच ऐकले असावे. हिरवी कच्ची फळे पुष्कळ निघाली. सौ.ने भाजी केली, उंबराची करतात तशी. दोन्ही मजल्यांवर पानात पडली. चव... असो. खालच्या वहिनींनी मागून घेतली.

स्वयंपाकघरात इतके ऊन कधी येत नव्हते. सवय होईल.

जाताना गवंडी घुटमळला. "एखादं रोप उरलं तर मलापण द्या, गुरुजी. चांदवडला घरापाशी जागा हाय. टाकी लांब हाय." केतकीने एक काढून दिले. त्याने ते डोक्यावरच्या टोपीत ठेवून नेले.

वैशाख शु. ८

टाकी बांधून झाली. पाणी टिकते. सौ. आता गुडघ्यांविषयी बोलत नाही. इतर विषयांवर बोलते.

रोपांचा वृत्तांत मिश्र. उन्हाने दोन घेतली. घाटावरच्या मित्राचे शेळीने खाल्ले. गवंड्याच्या रोपाची वार्ता नाही. दौलतरावांचा दूरध्वनी आला: दोन काड्या लागल्या, जोमात आहेत. "पन गुरुजी, एकनं पान तुमनासारखं नही. कापेल नही, साबूत शे. हाई तेच शे का?" कोवळ्या फुटीला पाने वेगवेगळी, कधी खाचांची तर कधी अखंड, येतात, असे केतकी म्हणते. असेलही. पिकूनही हिरवे राहील का, आत गुलाल असेल का, हे फळ धरेल तेव्हाच कळणार. तोवर जे सत्य आहे तेवढेच त्यांना सांगितले: ठाऊक नाही, सांभाळा. ते म्हणाले, "सांभाळतस ना. गावमा चार जन आतेच मांगी राह्यनात."

आमच्या गच्चीवर एकच उरले आहे, पेल्यातले. कुंडीत हलवल्यावर तरारले होते. कालच्या उन्हाने सर्व पाने करपली. आज केतकीने नखाने साल जराशी खरवडली व माझ्यासमोर धरले. आत हिरवे आहे. ओलसर हिरवे. छत्रीची सावली करून दिली आहे. फुटेल, न फुटेल.

हे कधी कोणाच्या वाचनात आले, तर वाचणाऱ्या, तुझे कल्याण असो. तुझ्या घरचे पाणी कधी न आटो, तुझ्या दारातल्या झाडावर पाखरे निर्भय राहोत, आणि जे तू मागून आणलेस ते मागणाऱ्याला देण्याइतके तुझ्यापाशी वाढो. शुभं भवतु.