तुझी नेल मेलेली नाही

प्रिय फर्गस,

आधी खाली बस. तुझी नेल जिवंत आहे. आत्ता ती माझ्या पायावर हनुवटी टेकून पडलीय आणि ओव्हनमध्ये काही आहे का याचा वास घेतेय. तुला ओरडायचं असेल तर ओरडून घे, मी थांबते. तोंडाने सांगायला आले असते तर तू निम्म्यातच टोपी उचलून गाडीत बसला असतास, रविवारी बसलास तसाच. रविवारी माझ्या टेबलाशी बसून तू जे बोलून गेलास ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही. त्यावर येतेच मी, सोडणार नाही. पण आधी नेलचं सगळं ऐकावं लागेल, कारण तुझ्या त्या बोलण्याला माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

मार्चमध्ये तू तिला घेऊन आलास. वीस महिन्यांची कुत्री, टेकडीवरच्या तीनशे मेंढ्या एकटी वळवून आणणारी, आणि कळप फाटकाशी येता येता तिला चौथ्यांदा फिट आली. आपल्याकडे कामातून गेलेलं आपलं कुत्रं आपण स्वतः मारत नाही, शेजाऱ्याकडे नेतो, आणि तुझी शेजारीण मी. तू व्हिस्कीची बाटली खांबावर ठेवलीस, दोरी माझ्या हातात दिलीस, "तुझा हात स्थिर आहे, ऊना," एवढंच म्हणालास आणि मागे न बघता निघून गेलास. दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे, काम उरकल्याची खूण म्हणून, मी तिचा पट्टा त्याच खांबाला अडकवला. तू आलास, पट्टा खिशात घातलास आणि झाडाखालच्या ढिगाऱ्यापाशी टोपी काढून उभा राहिलास, चांगला दहा मिनिटं. फर्गस, तिथे माझी म्हातारी मेंढी पुरलीय. नेल धुण्याच्या खोलीत होती आणि आतून दार ओरबाडत होती. दक्षिणेचा वारा सुटला होता म्हणून तुला ऐकू आलं नाही, नाहीतर तेव्हाच माझी शोभा झाली असती.

मला तिची दया वगैरे आली असं समजू नकोस. दयेने मी आजवर एकही कुत्रं वाचवलेलं नाही, हे तुला माहीत आहे. मी तिला लोकरीच्या शेडमागे नेलं, "बस" म्हटलं. ती बसली. आणि माझ्याकडे किंवा बंदुकीकडे न बघता तिने समोरच्या रिकाम्या कुरणाकडे नजर लावली, मेंढ्या कुठे आहेत ते शोधायला. तासाभरापूर्वी तोंडाला फेस आलेली ही बया पुढच्या हुकमाची वाट बघत होती! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, मेले, तुला एवढंही कळत नाही? बंदूक शेडच्या भिंतीला टेकवली, तिला गाडीत घातलं आणि तडक ओवाकाला गेले.

तिथल्या जनावरांच्या डॉक्टर, डॉ. पराता, म्हणजे कालची पोरगी, नखं बघशील तर स्वच्छ. तिने रक्त घेतलं, सतरा प्रश्न विचारले आणि म्हणाली, "अपस्मार आहे, ऊनाताई. बरा होणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल. सकाळी सहा, संध्याकाळी सहा, रोज, आयुष्यभर." मी विचारलं, कुणाच्या आयुष्यभर, तिच्या की माझ्या? ती हसली. मी हसत नव्हते.

आणि तेव्हापासून या नेलबाईने माझ्या नाकी नऊ आणलेत. गोळी मटणात घातली तर मटण गिळून गोळी माझ्या बुटात थुंकते. चीजमध्ये घातली तर चीज चाटून गोळी तशीच ठेवते, धुऊन पुसून दिल्यासारखी. औषधाने भूक अशी खवळते की चर्चच्या चहासाठी केलेले तीस चीज रोल तिने ताटासकट खाली ओढले आणि मी फोन घेऊन येईपर्यंत संपवले. पाणी ढसाढसा पिते आणि मग जिथे असेल तिथे. मागचे पाय लटपटतात, म्हणून पायरी चढताना मागून ढकलावं लागतं. बाबांनी उभ्या जन्मात कुत्रं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, आणि ही रॉबच्या खुर्चीत घोरते. नवऱ्याच्या खुर्चीत, तो गेल्यापासून, मी स्वतः चार वर्षं बसले नव्हते, फर्गस. माझी मैत्रीण मॅगी, तिच्या साठीला डनिडिनला जायचं होतं, तेही राहिलं, कारण संध्याकाळचे सहा. त्यात दर रविवारी तू यायच्या आधी हिला कोंडायचं. एकदा ती आतून भुंकली आणि तू चमकून वर पाहिलंस, तर मी म्हटलं, "रेडिओ आहे." तू मान डोलावलीस. एवढा साधा कसा रे तू?

तरी तीन महिने एकही फिट नव्हती. मी सगळीकडे फुशारक्या मारायच्या बेतात होते, पण सांगणार कुणाला? आणि जुलैत एका आठवड्यात पाच आल्या. पाचवी एवढी लांबली की ती गेलीच असं मी धरून चालले. डॉ. परातावर फोनवरून इतकी ओरडले की आजही तिच्यासमोर जायला लाज वाटते. ती बिचारी एकच विचारत होती, "खारट काही खाते का ती?" कारण हिच्या औषधाचं असं आहे, पोटात मीठ जास्त गेलं की औषध लघवीवाटे वाहून जातं. मी ठणकावून सांगितलं की बेकनचा तुकडासुद्धा देत नाही, मला काय वेडी समजतेस? दोन दिवसांनी कुंपण बघायला गेले. मेंढ्यांसाठी आपण जून-जुलैच्या हिवाळ्यात मिठाचा ठोकळा ठेवतो ना, मीच माझ्या हाताने ठेवलेला. त्याची एक बाजू घासून गुळगुळीत झालेली, आणि बाईसाहेब तिथे बसून निवांत चाटतायत. मी कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षं तो ठोकळा ठेवतेय मी, पण तो खाण्याचा पदार्थ आहे असं कधी डोक्यात आलं नाही. आपल्यासाठी तो कुंपणाच्या खांबासारखाच. मी तिथे चिखलात बसून रडले, हेही सांगून टाकते. आता ठोकळा तिला पोचणार नाही अशा उंचीवर आहे. मेंढ्या मान वर करून चाटतात आणि मला शिव्या देतात. पाच आठवडे झाले, फिट नाही.

तीनशे मेंढ्या ती आता वळवत नाही. घरामागच्या अकरा म्हाताऱ्या वळवते, लटपटत, दोनदा पडते, आणि परत येते तेव्हा तोऱ्यात अशी की हजार आणल्या.

आता तुझं. तुझ्या हाताचा कंप मला एप्रिलपासून दिसत होता. मी आंधळी नाही. तू कप दोन्ही हातांनी धरायला लागलास, आणि मी कप अर्धा भरायला लागले. रविवारी चहा तरीही टेबलभर सांडला आणि तू सांगितलंस की जूनमध्येच डनिडिनच्या डॉक्टरने कंपवात म्हणून सांगितलंय. मग हसलास. म्हणालास, "काम न जमणाऱ्याचं आपल्याकडे काय करतात तुला ठाऊकच आहे. शेजारीण तूच." आणि गेलास. विनोद होता म्हणशील. तुझे विनोद मी तू चार वर्षांचा असल्यापासून ऐकतेय, हा विनोद नव्हता. काल तू बाजाराला गेलास तेव्हा मी तुझ्या घरी गेले होते. बंदुकीच्या कपाटाची किल्ली आईच्या चहाच्या किटलीत असते, बावळटा. बंदूक आता माझ्याकडे आहे, शोधत बसू नकोस. आणि खिडकीतलं औषधाच्या गोळ्यांचं पाकीट जूनपासून फोडलेलंसुद्धा नाही, तेही बघितलं. मला इतकी भीती वाटली की घरी परत येताना दोनदा गाडी थांबवावी लागली.

तर नीट ऐक. शेजारीण मीच आहे, आणि मागच्या खेपेला तू जे माझ्या हातात सोपवलंस त्याचं मी काय केलं ते तुला आता कळलंय. यापेक्षा वेगळं माझ्याकडून होणार नाही. उद्या संध्याकाळी सहाला ये, तुझं पाकीट घेऊन. नेलची गोळी तू द्यायचीस, बोट चावलं तर चावू दे, आणि तुझी मी देईन. तिचा पट्टा अजून तुझ्या कोटाच्या खिशात आहे, मला माहीत आहे. तो आठवणीने आण.

तुझीच, कुंपणापलीकडची थोरली बहीण,
ऊना