कोपराची खरी हकीगत

मास्तर,

माझा उजवा हात अजून पुरता सरळ होत नाही. सदरा चढवताना किंवा वरच्या फळीवरचा डबा काढताना कोपर एका ठरावीक जागी येऊन अडतं, आणि तिथून पुढे ते माझं ऐकत नाही. कुणी विचारलं तर मी ‘जुनं आहे’ म्हणतो आणि पिकापाण्याचं काढतो. तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा वेडेपणा आहे, हे मला कळतं. पण तुम्ही होतात तेव्हा मी दोन ओळी लिहिल्या नाहीत, मग आता शहाणपण मिरवून तरी काय करायचं?

मिठाचा सत्याग्रह होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी तेरा वर्षांचा, कालव्याकाठच्या ऊसवाल्या घरातला, बारामतीला शाळेसाठी चार पोरांबरोबर खोली करून राहिलेला. तुम्ही आम्हाला दिवसा चित्रकला शिकवायचात आणि संध्याकाळी क्रिकेट. शाळेला या खेळाचं कौतुक बेताचंच होतं. खेळपट्टीवर अंथरायची काथ्याची एक चटई, दोन बॅटी आणि एक चेंडू, तोही उसवला की तुम्हीच दाभण घेऊन शिवायला बसायचात. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात असताना गोऱ्या सोल्जरांचा खेळ कुंपणाबाहेरून बघून तुम्ही शिकला होतात. तुमचा स्वतःचा खेळ यथातथाच होता, हे आज सांगतो. तेव्हा बोललो असतो तर कान हातात आला असता. पण दुसऱ्याच्या अंगात काय आहे ते तुम्हाला लांबून दिसायचं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला रांगेतून बाजूला काढलंत, माझं मनगट धरून इकडून तिकडे वळवून पाहिलंत आणि म्हणालात, “ह्ये मोकळं हाय. पळत येऊन जोरात टाकायचं सोड. तू फिरवून टाक.”

आणि मग शिकवणी झाली ती मैदानावर नव्हे, तुमच्या स्वयंपाकघरात. तुम्ही मला उंबऱ्याशी बसवलंत आणि हातात चेंडू न देता टकळी दिलीत. काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. तुम्ही म्हणालात, “चिमटीनं फिरव. हात हलता कामा न्हाय, बोटं हलली पायजेत.” मी फिरवायचो, टकळी दोन गिरक्या घेऊन आडवी व्हायची. काकू मागे न बघता म्हणाल्या, “पोराला सूत काडायला आणलंय का खेळ शिकवायला?” तुम्ही म्हणालात, “दोन्हीला बोटं तीच लागत्यात.” आठ दिवस मला चेंडू मिळाला नाही. नवव्या दिवशी मिळाला, आणि चटईवर टप्पा पडल्यावर तो सरळ न जाता खेळणाऱ्यापासून बाहेर वळला. बॅटवाला पोरगा हवेत बॅट फिरवून माझ्याकडे बघत राहिला. तुम्ही शाबासकी दिली नाहीत, नुसते खिशात हात घालून हसलात. त्या हसण्यासाठी मी पुढचे दोन महिने कुत्र्यासारखा तुमच्या मागे फिरलो.

तुमच्या त्या खिशात चिंचोके असायचे. अठ्ठेचाळीस, मोजून. मी एक चेंडू टाकला की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचा. उजवा खिसा रिकामा झाला की चेंडू तुमच्याकडे, मी खोलीवर. कितीही गयावया केली तरी एकोणपन्नासावा चेंडू तुम्ही मला कधी टाकू दिला नाहीत. इतर पोरं थट्टा करायची की मास्तरांनी तुझा हात चिंचोक्यांवर गहाण ठेवलाय. मलाही तो छळच वाटायचा. घरी उसाच्या मोळ्या उचलणाऱ्या पोराला अठ्ठेचाळीस चेंडू म्हणजे काय मोठं, असं मला वाटायचं. मोळी उचलणं वेगळं आणि कोवळं कोपर पिळणं वेगळं, हे तुम्हाला कळत होतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

फसवा चेंडू तुम्ही मला एकदाच दाखवलात. हात तसाच येतो, बोटं तशीच दिसतात, पण चेंडू मुठीच्या मागच्या बाजूने सुटतो आणि टप्पा पडल्यावर उलटा, आत येतो. तेही चेंडू घेऊन नाही, काकूंच्या टोपलीतलं लिंबू घेऊन, तिथंच उंबऱ्याशी. लिंबू फरशीवर पडून चुलीकडे वळलं आणि काकूंनी ते उचलून पुन्हा टोपलीत टाकलं. मी हात पुढे केला. तुम्ही माझा हात खाली दाबलात. “बघून ठेव. बघायचं, करायचं न्हाय. सोळावं सरंपातूर ह्याला हात लावायचा न्हाय. कोवळ्या फांदीला पीळ बसला का झाड मोठं झालं तरी ती फांदी वाकडीच ऱ्हाती.” मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

थंडी सरता सरता पुण्याहून तुमच्या एका ओळखीच्यांचं पत्र आलं. तिथल्या एका क्लबाला खेडेगावची चांगली पोरं बघायची होती, कुणी असेल तर पाठवा म्हणून. पत्र तुम्ही वर्गात वाचून दाखवलंत. सगळ्या पोरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मीही मनात ट्रंक भरायला घेतली. तुम्ही पत्राची घडी घातलीत आणि म्हणालात, “यंदा कुणी न्हाय. म्होरल्या साली बगू.” वर्ग सुटल्यावर मी तुम्हाला गाठलं. तुम्ही एवढंच म्हणालात, “तिकडं गेलास तर रोज दोनशे चेंडू टाकून घेत्याल. वरीसभर दम धर.” मला ते वरीस आयुष्याएवढं वाटलं. त्या दिवसापासून मी शनिवार-रविवार घरी गेलो की गुऱ्हाळाच्या मागच्या भिंतीवर फसवा टाकायला लागलो. चिंचोके मोजणारं तिथं कुणी नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात कोपराच्या आतल्या अंगाला ठणका लागला. आईनं विचारलं तेव्हा मोळीचा मार लागलाय म्हणालो, तिनं हळद लावली, आणि मी दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीपुढे उभा राहिलो.

मग इंदापूरचा सामना. सर्व्हिस मोटारीच्या टपावर चटई बांधून आम्ही तीस मैल धुरळा खात गेलो. मामलेदार कचेरीच्या मागचं मुरमाड मैदान, समोर कचेरीतल्या कारकुनांचा संघ, आणि अंपायर तुम्ही. त्यांचे अव्वल कारकून, भाऊसाहेब, धोतराचा काचा मारून, टोपी घट्ट बसवून खेळतायत. माझे वळणारे चेंडू ते निवांत सोडून देतात आणि मधेच बाजूच्यांशी जमाबंदीचं बोलतात. मी चेंडू हातात घेतो. तुम्ही माझ्यापासून चार हातांवर उभे आहात. मी फसवा टाकतो. भाऊसाहेब बाहेर जाणार म्हणून बॅट वर उचलतात, चेंडू आत येतो आणि मधला दांडका उपटून जातो. पोरं नाचत माझ्याकडे धावतात. तुम्ही मात्र चालत पलीकडे जाता, दांडका पुन्हा ठोकता, परत येता आणि ओठ न हलवता म्हणता, “म्या काय सांगितलं व्हतं?” मी चेंडू सदऱ्याला पुसतो. “पुन्ना टाकलास तर मैदानातनं भायेर काडीन. सगळ्यांदेखत.” मी तीन चेंडू साधे टाकतो. चौथा फसवा टाकतो. हातातून चेंडू सुटायच्या आधीच कोपरात सुतळी तुटावी तसं काहीतरी तुटतं आणि मी चटईवर बसतो.

तुम्ही रागावला नाहीत. येताना सगळ्या वाटेवर माझा हात तुम्ही आपल्या मांडीवर धरून ठेवलात, खड्डा आला की आधीच थोडा वर उचलायचात. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं होतं. हाडवैद्यानं लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं की सूज उतरेल, पण हात पहिल्यासारखा होणार नाही. दुसऱ्या दिवशी आबा खोलीवर आले. वडलांच्या नुसत्या खोकण्यानं आमच्या घरात पोरं भिंतीला टेकायची, पण त्या दिवशी ते माझ्या उशाशी बसले, हाताकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “असा कसा झाला रं? कुणी टाकाया लावला? तुज्या मनानं टाकला असंल तर तसं सांग. म्या काय बोलणार न्हाय.” मी म्हणालो, “मास्तरांनी लावलं. म्या नगं म्हणत हुतो.” मी घाबरलो होतो, मास्तर. असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं.

आबा शाळा चालवणाऱ्या मंडळींकडे गेले. चार दिवसांनी तुम्हाला आत बोलावलं, आणि मला गळ्यात हात अडकवून बाहेर ओसरीवर बसवलं. दार उघडंच होतं. तो चेंडू पोराला तुम्हीच दाखवलात का, असं एकानं विचारलं. तुम्ही म्हणालात, “दाखवला मीच.” टाकायलाही तुम्हीच लावलंत? तेव्हा तुम्ही दारातून माझ्याकडे पाहिलंत. मी ओसरीच्या फरशीकडे पाहिलं. मग तुमचा आवाज आला, “पोर माझ्या हाताखालचं हाय. त्यानं टाकला म्हंजी मीच टाकला.” त्यांना एवढं पुरलं. चटई गुंडाळून सामानाच्या खोलीत गेली आणि तिथं उंदरांनी खाल्ली. जूनमध्ये तुमची बदली झाली, इंदापूरच्याही पलीकडे, भीमेच्या अंगाला, चार इयत्तांच्या शाळेत. तिथं पोरांना शेरडं राखण्यातून सवड नव्हती आणि मैदान म्हणावं अशी जागाही नव्हती. तुम्ही पुन्हा कुणाला चेंडू धरायला शिकवलं नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला, हाड भरून येतं म्हणून. मी ते खोलीतल्या पोरांना वाटून टाकले. एकही खाल्ला नाही आणि भेटायलाही आलो नाही.

त्यानंतर आपण एकदाच भेटलो. इंदापूरच्या बाजारात, मी लग्न झालेला, बैलजोडी बघायला आलेला. तुम्ही भाजीची पिशवी घेऊन उभे होतात, केस पार पिकलेले. ओळख द्यावी की नाही या विचारात मी असतानाच तुम्ही जवळ आलात, पिशवी खाली ठेवलीत आणि माझं कोपर चाचपलंत, आंगठ्यानं आतल्या बाजूला दाबून. “सरळ होतो का रं?” मी म्हणालो, “व्हतो की.” आणि बाही खाली ओढली. तुम्हाला काय ते आंगठ्यालाच कळलं असणार. तुम्ही चहाला चल म्हणालात. मी बैलांचं कारण सांगितलं. बैल त्या दिवशी घेतलेही नाहीत.

हे सगळं आता लिहायला बसलो त्याला कारण झालं. शाळेचा मोठा समारंभ आहे, जुन्या मास्तरांच्या आठवणींचं पुस्तक काढणार आहेत. तुमच्या हाताखालचा मी एकटाच उरलोय म्हणून शाळेतले एक तरुण शिक्षक महिन्यापूर्वी घरी आले. दोन पानं द्या म्हणाले. बोलता बोलता हसून म्हणाले, “लई कडक व्हते म्हणं मास्तर. पोराचा हात मोडंपातूर बोलिंग करून घेतली, असं आमी ऐकून हाय.” तुमची हकीगत अशी शिल्लक राहिली आहे, मास्तर. चिंचोके कुणाला ठाऊक नाहीत, लिंबू ठाऊक नाही, मांडीवर धरलेला हात ठाऊक नाही. मी आबांना सांगितलेलं ते एक वाक्य तेवढं गावानं जपून ठेवलं.

महिनाभर मला झोप नीट लागली नाही, आणि त्यात एक गोष्ट मी स्वतःशी कबूल केली. मी घाबरलो नव्हतो. आबांनी मला मोकळी वाट करून दिली होती, मी नुसतं ‘व्हय, माझ्या मनानं’ म्हणालो असतो तर ते डोक्यावरून हात फिरवून गेले असते. मी रागावलो होतो. तुम्ही मला पुण्याला पाठवलं नाहीत म्हणून, आणि इंदापूरला भाऊसाहेबांचा दांडका उडाला तेव्हा तुम्ही हसला नाहीत म्हणून. तुम्हालाही काहीतरी दुखावं, असं मला वाटत होतं. ते वाक्य मी विचार करून बोललो. तेरा वर्षांचा होतो, पण विचार करून बोललो.

तुमची मुलगी इंदापूरला असते, पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र तिला टाकता येईल, शाळेलाही देता येईल. पण दोन पानं मी निराळी लिहिली, तुमच्या चित्रकलेच्या तासाची, तुमच्या शिस्तीची. काल ते शिक्षक येऊन घेऊन गेले. दारात चपला घालता घालता त्यांनी विचारलं, “तात्या, पोराचा हात मोडंपातूर बोलिंग करून घेतली, तेवढं खरं हाय का?”

मी ‘व्हय’ म्हणालो.