दोन बादशहांची एक लग्नपत्रिका

ती. बनुबाई आत्यांच्या पायाशी कराडहून भाचा ऋषिराज वाकून. गुडघ्यांची तब्येत कशी आहे? जिभेची उत्तम असणारच.

सध्या मी एका प्राध्यापकांसाठी पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका राजदूताचे अहवाल मराठीत आणतोय. क्रिमियाची लढाई. एका बाजूला रशियाचा बादशहा, दुसऱ्या बाजूला तुर्कांचा सुलतान, इंग्रज आणि फ्रेंच. लाखो माणसं मेली, अन् पुढं हीच मंडळी पॅरिसात एका टेबलाला बसून पाच आठवड्यांत तह करून उठली! आत्या, मी थक्क झालोय. कोण हसलं, कोण गप्प बसलं, कुणी खुर्ची मागं सारली, सगळं या गड्यानं आपल्या सरकारला कळवलंय. (एवढी बारीक नोंद आपल्याकडं फक्त तुम्ही ठेवता.)

त्यात एक रिवाज सापडला. तहाची प्रत ज्या राज्याची, तिच्यात नाव त्याचंच आधी. म्हणजे आपापल्या घरी सगळेच पहिले! मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. कारण माझ्या लेकीचं, अपेक्षाचं लग्न नेमकं इथंच अडलेलं. दोन्ही चुलत आजोबा मांडवात नसतील तर मी बोहल्यावर चढणार नाही, असं तिनं बजावलेलं. आणि तुमचे दोघे धाकटे बंधू, एका लग्नात आधी फेटा कुणाला बांधला यावरनं अकरा वर्षं अबोला धरून बसलेले. नानासोकाका वयानं मोठे, लालासाहेबकाका रिटायर सुभेदार. पत्रिकेत आधी नाव माझं, नाहीतर येत नाही, असं दोघांचंही.

मी दोन तऱ्हेच्या पत्रिका छापून घेतल्या. राजदूतानं मिठीच मारली असती. पण पाकिटांना कुंकू लावताना गठ्ठे बदलले (माझ्याच हातून), आणि नानासोंच्या पत्रिकेत लालासाहेब आधी, लालासाहेबांच्या पत्रिकेत नानासो!

लालासाहेब पत्रिका घेऊन भांडायलाच निघाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा थोरल्याच्या अंगणात! मी मागोमाग पळत. नानासो दारातच उभे.

"नाव आधी घालून घेतलंस की रं. आता आनि काय पायजे?"

"माझं? आवं, हितं तर तुमचं हाय!"

दोघांनी पत्रिका बदलून वाचल्या. चष्मा एकच होता, तोही फिरला.

"लाला, मला वाटलं तू हट्ट केलास."

"मला वाटलं तुमी."

आणि आत्या, ती दोन पांढऱ्या मिशांची माणसं मान खाली घालून उभी राहिली. सुलाकाकूंनी नवऱ्याला न विचारताच दिरासाठीही चहा टाकला. पॅरिसात त्या खोलीत काय झालं असेल, ते मला त्या अंगणात कळलं.

मग दोघांनी एकदमच माझ्याकडं पाहिलं. "लाला, ह्या शान्याला धर रं!" अकरा वर्षांतली ही त्यांची पहिली एकत्र मोहीम.

घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना पाठीत एकेक धपाटा.

तुमचा,
ऋषिराज

ता. क. तहात ठरलं ते असं: दोघांचंही नाव आधी नको, थोरल्या बहिणीचं घाला. माहेरी आपल्याला कुणी विचारत नाही म्हणून तुम्ही रुसून बसलाय, हे ठाऊक आहे. तरी होकार कळवा, तिसरी छपाई त्याच्यासाठीच थांबलीय.

पुन्हा ता. क. तुम्हाला विचारायला दोघं रविवारी एकाच जीपनं येताहेत. दारात आधी "ये रं" कुणाला म्हणायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्या दिवशी वडूजला काम निघालंय.